तोल सावरतो कोण? स्नायूंच्या प्रतिक्षिप्त क्रिया आणि प्राण्यांची हालचाल

१९ एप्रिल २०२५ रोजी बीजिंगमध्ये माणसांच्या अर्धमॅरेथॉनशेजारीच यंत्रमानवांचीही शर्यत झाली. त्यांच्यासाठी वेगळी मार्गिका राखलेली होती आणि सोबत तंत्रज्ञ पळत होते, तरी एक यंत्रमानव सुरुवातीच्या रेषेवरच आडवा झाला. पहिल्या आलेल्या ‘तिएनकुंग अल्ट्रा’लाही २ तास ४० मिनिटे लागली. त्या चित्रफिती समाजमाध्यमांवर भरपूर फिरल्या आणि लोकांची करमणूक झाली. गोठ्यात नुकतेच जन्मलेले रेडकू मात्र, चार-दोनदा धडपडून का होईना, थोड्याच वेळात स्वतःच्या पायांवर उभे राहते आणि म्हशीचे आचळ शोधू लागते. याचे आपल्याला काहीच नवल वाटत नाही. त्या रेडकाकडे तोल सावरण्याची अशी कोणती यंत्रणा असते?

उत्तराचा बराचसा भाग शाळेत शिकलेल्या ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ या शब्दात आहे. मात्र शाळेतली व्याख्या इथे पुरत नाही. तव्याला हात लागला की तो झटकन मागे येतो, हे उदाहरण आपल्या इतके डोक्यात बसलेले असते की प्रतिक्षिप्त क्रिया म्हणजे संकटकाळापुरती आणि ठरावीक साच्याची हालचाल असा समज होतो. प्रत्यक्षात आपण रांगेत नुसते उभे असतो तेव्हाही या क्रिया अखंड चालू असतात. शिवाय त्यांचा साचा ठरलेला नसतो: एकाच संदेशाला मिळणारे उत्तर प्राणी त्या क्षणी काय करतो आहे यावर अवलंबून असते. हा दुसरा मुद्दा सहसा सांगितला जात नाही, म्हणून या लेखात भर त्यावर आहे.

## हातोडीचा ठोका कुठे पोहोचतो

डॉक्टर रुग्णाला पाय लोंबकळत ठेवून बसवतात आणि गुडघ्याच्या वाटीच्या किंचित खाली रबरी हातोडीने ठोका देतात. पाय पुढे उडतो. १८७५ साली विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे या क्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून ही तपासणी जगभर चालू आहे.

ठोका हाडावर पडत नाही. तो कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्यावर पडतो. कंडरा जराशी आत दबते आणि त्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. या स्नायूच्या आत, त्याच्या तंतूंना समांतर, काही मिलिमीटर लांबीचे, मधे फुगीर आणि टोकांना निमुळते असे सूक्ष्म अवयव असतात. त्यांना स्नायुतर्कू म्हणतात. स्नायूची लांबी किती आहे आणि ती किती वेगाने बदलते आहे, हे टिपणे हे त्यांचे काम. ताण जाणवताच तर्कूला गुंडाळलेला संवेदी तंतू संदेश पाठवतो. तो संदेश कमरेच्या भागातील मेरुरज्जूत शिरतो आणि तिथे, मधे कोणताही मध्यस्थ न घेता, थेट त्याच स्नायूकडे जाणाऱ्या प्रेरक चेतापेशीला जाऊन भिडतो. ती पेशी स्नायूला आकुंचनाचा आदेश देते. ठोक्यापासून स्नायूत विद्युत हालचाल दिसेपर्यंत साधारण २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. मेंदूला बातमी कळते, पण नंतर.

इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ सर चार्ल्स शेरिंग्टन यांनी एडवर्ड लिडेल यांच्यासह १९२४ मध्ये दाखवून दिले की ही क्रिया हातोडीसाठी निर्माण झालेली नाही. स्नायू हळूहळू ताणला आणि ताणलेलाच ठेवला, तर तो तितका वेळ त्या ताणाला विरोध करत राहतो. उभ्या प्राण्याचा गुडघा शरीराच्या वजनाने वाकू लागला की मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो, आणि ताणला गेल्यामुळेच तो अधिक घट्ट होऊन गुडघ्याला आधार देतो. दवाखान्यात पाय उडतो तो याच यंत्रणेला एकदम दिलेल्या धक्क्यामुळे. एरवी ती इतक्या बेताने काम करते की तिचा पत्ताही लागत नाही.

## सैल पडणारा मांजा

इथे एक अडचण आहे. स्नायू आकुंचन पावला की तो आखूड होतो. मग त्याच्या आत समांतर बसलेला तर्कूही सैल पडायला हवा. पतंग उडवणाऱ्याचा मांजा ढिला पडला की वर पतंगाचे काय चालले आहे हे बोटाला कळत नाही, तसाच सैल पडलेला तर्कू मुका होतो. आणि नेमके हालचाल चालू असतानाच मेरुरज्जूला स्नायूची खबर मिळेनाशी होते. पतंगबाज यावर जे करतो तेच शरीर करते: ढील गुंडाळून घेते. तर्कूच्या दोन्ही टोकांना स्वतःचे बारीक स्नायुतंतू असतात आणि त्यांना वेगळ्या, पातळ प्रेरक चेतातंतूंकडून आदेश मिळतो. या चेतातंतूंना गॅमा तंतू म्हणतात. मुख्य स्नायू आखडत असताना गॅमा तंतू तर्कूची टोके आखडून घेतात आणि मधला संवेदी भाग पुन्हा ताठ ठेवतात.

१९५३ मध्ये ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ मर्टन यांनी एक आकर्षक कल्पना मांडली होती: मेंदू आधी फक्त गॅमा तंतूंना आदेश देत असेल, आणि मुख्य स्नायू प्रतिक्षिप्त क्रियेने मागोमाग ओढला जात असेल. कल्पना देखणी होती, पण टिकली नाही. स्वीडनमधील हागबार्ट आणि वालबो यांनी जाग्या माणसाच्या नसेत अतिबारीक सुई घालून एकेका तंतूचे संदेश ऐकण्याचे तंत्र विकसित केले. वालबो यांना आढळले की ऐच्छिक हालचालीत तर्कूचे संदेश स्नायूच्या आकुंचनाच्या आधी येत नाहीत, मागून येतात. म्हणजे दोन्ही आदेश बरोबरीने निघतात. प्रतिक्षिप्त क्रिया ही हालचाल सुरू करणारी कळ नसून चालू हालचालीवर लक्ष ठेवणारी व्यवस्था आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

## एवढा हुशार मेंदू असताना मेरुरज्जूकडे काम कशाला?

कारण अंतर आणि वेळ. चेतातंतूंमधून संदेश विजेच्या तारेतल्यासारखा क्षणात जात नाही. सर्वांत वेगवान तंतूंतही माणसात त्याचा वेग सेकंदाला सुमारे ६० ते ७० मीटर असतो. हत्तीच्या पायातील तंतूंचा वेग मोजला गेला तेव्हा तोही सुमारे ७० मीटरच भरला. हत्ती मोठा म्हणून त्याच्या नसा काही जास्त वेगवान नसतात. पावलापासून मेरुरज्जूपर्यंत दोन मीटर अंतर धरले, तर नुसते जाणे-येणे मिळून ६० मिलिसेकंदांच्या आसपास खर्च होतात, आणि स्नायूत जोर चढायला लागणारा वेळ वेगळाच. घाईत असतानाही हत्तीचा एक तरी पाय जमिनीवर असतो. या सावधपणामागे वजन हे मुख्य कारण असेल, पण उशिरा पोहोचणारी खबरही त्याला पूरकच म्हणायची.

म्हणून प्राण्यांच्या शरीरात तोल सावरण्याच्या अनेक फळ्या असतात. पहिली फळी स्नायूंची आणि कंडरांची स्वतःची लवचीकता. तिला चेतासंस्थेची गरजच नसते, त्यामुळे तिथे विलंब शून्य. दुसरी फळी मेरुरज्जूची, २० ते ५० मिलिसेकंदांची. तिसरी मेंदूच्या बाह्यकापर्यंत, म्हणजे त्याच्या बाहेरच्या थरापर्यंत, जाऊन परतणारी, साधारण ५० ते १०० मिलिसेकंदांची. जाणीवपूर्वक दिलेले उत्तर या सर्वांनंतर येते.

पहिल्या फळीचे सामर्थ्य मोनिका डेली आणि अँड्र्यू बीवेनर यांच्या गिनी कोंबड्यांवरील प्रयोगात दिसले. त्यांनी धावपट्टीवर एक खड्डा केला आणि तो पातळ कागदाने झाकला. धावत्या कोंबडीला तो दिसत नव्हता. पाय कागद फाडून आत जायचा, जमीन अपेक्षेपेक्षा खाली लागायची, आणि तरी कोंबड्या क्वचितच पडल्या. पाय अधिक सरळ असताना टेकला की स्नायूंची लांबी आणि वेग आपोआप वेगळे असतात, त्यामुळे त्यांचा जोरही वेगळा भरतो. पुढची दुरुस्ती मागून पोहोचते.

यावर कोणी विचारेल, मग प्रतिक्षिप्त क्रियेचा जोरच वाढवून का ठेवला नाही? विलंबाने येणारी दुरुस्ती जर जोरदार असेल, तर ती पोहोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असते आणि दुरुस्तीच नवा बिघाड ठरते. मेरुरज्जूला इजा झालेल्या रुग्णाचे पाऊल डॉक्टरांनी झटक्याने वर दाबून धरले, तर ते पाऊल सेकंदाला पाच ते आठ वेळा थडथडत राहते. पोटरी ताणली जाते, आखडते, त्यामुळे पुन्हा ताणली जाते, आणि हे चक्र थांबत नाही. वरून येणारा लगाम सुटल्यावर जोर अनावर झाला, की हे असे होते.

## आपोआप होणारी क्रिया आपल्याच आड का येत नाही?

हा सर्वांत चांगला आक्षेप आहे, आणि शास्त्रज्ञांनाही त्याने बराच काळ छळले. कोपर वाकवले की दंडाचा मागचा स्नायू ताणला जातो. ताणलेला स्नायू विरोध करणार, हा तर नियम. मग प्रत्येक हालचाल सुरू होताक्षणीच अडायला हवी. पण तसे होत नाही.

उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला शेरिंग्टन यांनीच शोधला. मांडीच्या पुढच्या स्नायूला आदेश देणारा तोच संवेदी तंतू एका मध्यस्थ चेतापेशीमार्फत मांडीच्या मागच्या स्नायूच्या प्रेरक पेशींना गप्प बसवतो. एक गट आखडतो तेव्हा विरुद्ध गट सैल सोडला जातो. चेतापेशींच्या कार्यासंबंधीच्या शोधांसाठी शेरिंग्टन यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक एडगर एड्रियन यांच्यासह मिळाले.

ही ‘गप्प बसवण्याची’ व्यवस्था किती महत्त्वाची आहे हे ती बंद पडल्यावर कळते. धनुर्वाताच्या जिवाणूचे विष चेतातंतूंतून मेरुरज्जूत पोहोचते आणि नेमक्या याच गप्प बसवणाऱ्या, म्हणजे शामक, पेशींचे काम रोखते. विरुद्ध गटांतील स्नायू एकाच वेळी आखडतात आणि जो गट बलवान तो जिंकतो: जबडा मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा जोरकस, म्हणून दातखीळ बसते, पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंना भारी, म्हणून पाठ मागे वाकते. कोकणात काजरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाच्या, म्हणजे कुचल्याच्या, बियांतील स्ट्रिक्नीन हे विषही वेगळ्या वाटेने तिथेच घाव घालते. ते शामक पेशींचा संदेश स्वीकारणारी दारे बंद करते. त्यामुळे नुसत्या स्पर्शाने किंवा आवाजानेही सर्वांगाला झटके येतात.

उत्तराचा दुसरा भाग १९६० च्या दशकात मॉस्कोत अनातोल फेल्डमन यांनी मांडला. त्यांच्या म्हणण्यानुसार मेंदू स्नायूला अमुक इतके आखड असा आदेश देत नाही; किती लांबीपासून ताणाला विरोध सुरू करायचा, ती मर्यादा तो सरकवतो. मर्यादा सरकली की कालची स्थिर स्थिती आज ‘बिघाड’ ठरते, आणि जी प्रतिक्षिप्त क्रिया शरीराला जुन्या जागी धरून ठेवत होती तीच त्याला नव्या जागी नेते. या सिद्धांताच्या तपशिलांवर अजून वाद आहेत, परंतु स्थिर उभे राहणे आणि हालचाल करणे या एकाच यंत्रणेच्या दोन बाजू आहेत, हे त्याचे मूळ म्हणणे मला पटण्यासारखे वाटते.

## एकच स्पर्श, दोन उत्तरे

१९७० च्या दशकात स्वीडनमध्ये हान्स फोर्सबर्ग, स्टेन ग्रिल्नर आणि सर्ज रोसिन्यॉल यांनी मांजरांवर केलेला एक प्रयोग या विषयाचा गाभा आहे. या मांजरांचा मेरुरज्जू छेदलेला होता, म्हणजे मागच्या पायांचा मेंदूशी संपर्क उरलेला नव्हता. तरीही सरकत्या पट्ट्यावर धरल्यावर ते पाय पावले टाकत. पाय हवेत पुढे येत असताना पंजाच्या वरच्या बाजूला काठीचा हलका स्पर्श झाला, तर पाय गुडघ्यात अधिक वाकून उंच उचलला जाई आणि काठी ओलांडून पुढे टेके. हाच स्पर्श पाय जमिनीवर टेकलेला असताना केला, तर पाय उलट अधिक ताठ होई. विचार केला तर दोन्ही उत्तरे अचूक आहेत. हवेतला पाय अडखळला तर उचलायला हवा, आणि अंगाचे वजन पेलणारा पाय उचलला तर प्राणी पडेल. हा निवाडा मेंदूविना, मेरुरज्जूच्या पातळीवर होत होता.

कंडरांमध्ये असणाऱ्या, जोर मोजणाऱ्या अवयवांचेही तसेच आहे. प्राणी स्वस्थ असताना त्यांचा संदेश त्या स्नायूला आवरतो. चालताना तोच संदेश वजन पेलणाऱ्या स्नायूला बळ देतो. माणसाच्या पोटरीतील प्रतिक्षिप्त क्रिया नुसते उभे असताना जोरदार असते, चालताना कमी होते, आणि पाय हवेतून पुढे येत असताना जवळजवळ बंद केली जाते. तशी ती केली नसती, तर पाऊल वर उचलताना ताणलेली पोटरी आखडून चवडा खाली ओढला गेला असता आणि माणूस पावलोपावली ठेचकाळला असता.

ही जुळवाजुळव कशी चालते, हे घरीही पाहता येते. गुडघ्याचा झटका नीट येत नसेल तर डॉक्टर रुग्णाला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढायला सांगतात. हंगेरीचे डॉक्टर येंद्रासिक यांची ही १८८० च्या दशकातील युक्ती. हात ओढता ओढता ठोका दिला की मघाशी जेमतेम हललेला पाय चांगला उडतो. हातोडी तीच आणि गुडघाही तोच, पण हातांच्या कामामुळे मेरुरज्जूतील जुळणी बदललेली असते.

लुईस नॅशनर यांनी १९७६ मध्ये माणसांना हलत्या फळीवर उभे करून याचा पुढचा टप्पा दाखवला. फळी मागे सरकली तर शरीर पुढे झुकते, पोटरी ताणली जाते आणि तिचे आखडणे तोल सावरते. फळीची पुढची कड वर उचलली तरी पोटरी ताणलीच जाते. मात्र आता तिने आखडणे म्हणजे शरीर मागे ढकलणे. पहिल्या खेपेला लोक डगमगले. तीन ते पाच खेपांत त्यांच्या पोटरीचे ते उत्तर क्षीण होत गेले. असे पटकन शिकायला अनुमस्तिष्क, म्हणजे मेंदूच्या मागच्या बाजूचा लहान भाग, लागतो. ते बिघडलेल्या रुग्णांना हे जमले नाही.

## मग चालणे म्हणजे प्रतिक्षिप्त क्रियांची साखळीच का?

असे मानण्याचा मोह होतो, आणि एके काळी तसे मानलेही जाई. पण १९११ मध्ये टॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी दाखवले की पायांकडून येणारे संवेदी संदेश तोडल्यावरही मांजराचा मेरुरज्जू पाय वाकवण्याचा आणि सरळ करण्याचा ताल स्वतःहून धरतो. ताल आतून येतो. प्रतिक्षिप्त क्रिया त्या तालाला जमिनीच्या चढउतारांशी जुळवून घेतात. कापलेल्या कोंबडीची काही क्षण चालणारी फडफड हा तसाच लगाम नसलेला ताल आहे.

शांत उभे राहणेही पोटरीच्या एका प्रतिक्षिप्त क्रियेवर भागत नाही. इयन लोरॅम आणि मार्टिन लेकी यांनी अल्ट्रासाउंडने उभ्या माणसाची पोटरी पाहिली, तेव्हा शरीर पुढे झुकताना तिचे तंतू लांब होण्याऐवजी आखूड होताना दिसले, कारण त्यांच्याखालची कंडरा लवचीक असते आणि तीच ताणली जाते. अशा वेळी तर्कूची खबर सरळ अर्थाने घेता येत नाही. मेंदूला पायाच्या तळव्यांची, डोळ्यांची आणि कानातील तोल सांभाळणाऱ्या भागाची माहिती जोडून पुढचा अंदाज बांधावा लागतो.

या माहितीतला स्नायूंचा वाटा गेला तर काय होते, हे काही दुर्मीळ रुग्णांत दिसते. त्यांचे जाड संवेदी तंतू आजाराने नष्ट झालेले असतात, प्रेरक तंतू मात्र शाबूत असतात. स्नायूंत ताकद असूनही सुरुवातीला त्यांना उठून बसताही येत नाही. त्यांच्यापैकी काही जण पुढे स्वतःच्या पायांकडे डोळे लावून, प्रत्येक हालचालीचा विचार करत चालायला शिकतात. दिवा गेला तर मात्र त्यांचा तोल जाऊ शकतो. याची सौम्य आवृत्ती आपल्या आसपास पुष्कळ आढळते. मधुमेहाने पायांच्या नसा खराब होऊ लागल्या की टाचेवरच्या कंडरेचा झटका मंदावतो किंवा नाहीसा होतो, आणि अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटल्यावर तोल गेल्यासारखे वाटते. अशा व्यक्तींनी हे डॉक्टरांच्या कानावर घालावे आणि रात्री न्हाणीघराच्या वाटेवर उजेड ठेवावा.

## स्लिपमधला झेल आणि नर्तकीचा पाय

क्रिकेटच्या समालोचनात ‘काय रिफ्लेक्स आहेत!’ असे नेहमी ऐकू येते. रिफ्लेक्स म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया, आणि या अर्थाने पाहिले तर तो रिफ्लेक्स नव्हे. चेंडू पाहणे, तो कुठे येईल याचा अंदाज घेणे आणि हात तिथे नेणे हे मेंदूचे, सरावाने घटवलेले काम आहे, आणि त्याला मेरुरज्जूच्या क्रियेच्या कित्येक पट वेळ लागतो.

पण सरावाने खऱ्या प्रतिक्षिप्त क्रियाही बदलतात. १९९३ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांना रॉयल डॅनिश बॅलेच्या नर्तकांमध्ये पोटरीची प्रतिक्षिप्त क्रिया इतर कसलेल्या खेळाडूंपेक्षा क्षीण आढळली. चवड्यावर तोल धरताना घोट्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी ताठ ठेवावे लागतात. तिथे जोरदार झटका उपयोगाचा नसतो. त्याआधी जोनाथन वोलपॉ यांनी माकडांना बक्षीस देऊन ही क्रिया वाढवायला किंवा घटवायला शिकवले होते. बदल आठवड्यांच्या हिशेबाने झाला, आणि त्याच्या खुणा मेरुरज्जूतच उमटल्या.

## मेरुरज्जू दुखावल्यावर

पक्षाघात किंवा मणक्याच्या अपघातानंतर वरून येणारे नियंत्रण तुटते. सुरुवातीला अवयव लुळे पडतात, आणि पुढे काही दिवसांत वा आठवड्यांत अनेकांचे स्नायू ताठर होतात. जितक्या झटक्याने ताणावे तितका विरोध अधिक. म्हणून फिजिओथेरपिस्ट हात-पाय सावकाश हलवतात.

याच यंत्रणेचा उपयोग करून घेणारे उपचारही आता आकार घेत आहेत. मेरुरज्जूच्या आवरणावर विद्युत अग्रे (इलेक्ट्रोड) बसवून सौम्य झटके दिले, तर ते प्रामुख्याने स्नायूंकडून आत येणाऱ्या संवेदी तंतूंना जागे करतात, आणि त्यांच्यामार्फत खालच्या प्रेरक पेशींपर्यंत पोहोचतात. उंदरांमध्ये अखंड झटक्यांनी पावले पडू लागली; माणसांमध्ये तितके यश येईना. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या संशोधकांना २०१८ मध्ये कारण सापडले. माणसाचे चेतातंतू लांब असल्यामुळे पायाकडून वर येणारा खरा संदेश वाटेतच कृत्रिम झटक्याच्या उलट्या लहरीवर आदळून विझत होता, म्हणजे उपचारच पायाची खबर पुसून टाकत होता. त्यांनी अखंड झटके बंद केले. पाय उचलायचा तेव्हा उचलणाऱ्या स्नायूंच्या भागावर आणि टेकायचा तेव्हा वजन पेलणाऱ्यांच्या भागावर, असे पावलाच्या टप्प्यानुसार वेळ साधून ते दिले, आणि मणक्याला इजा झालेले तीन रुग्ण आधाराने पुन्हा पावले टाकू लागले.